बसऱ्याच्या लढाईतला 'एक माणूस'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत युद्ध आणि बंदिवासाच्या साहित्यावर जो पानभर लेख आला तो मी दोनदा वाचला, फोटो काढून आमच्या वाचनगटाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना म्हणून हे पत्र. पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. जागा नसेल तर कुठूनही कापा, फक्त आमच्या पणजोबांचा भाग तेवढा राहू द्या.

लेख फार चांगला होता. अॅन फ्रँक, प्रिमो लेव्ही, व्हिक्टर फ्रँकल, सगळ्यांबद्दल जीव ओतून लिहिलंय, आणि छळछावणीतल्या माणसाचं माणूसपण पुस्तकातून कसं कळतं हे शाळेतल्या पोरालासुद्धा समजेल असं सांगितलंय. पण वाचून झाल्यावर मी पेपर बाजूला ठेवला आणि मनात आलं की यातले सगळे कैदी युरोपातले. आपल्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे भागातून हजारो माणसं दोन्ही महायुद्धांत गेली, त्यातली कितीतरी शत्रूच्या हाती सापडली, वर्षानुवर्षं कैदेत राहिली, काही तिथेच मेली आणि काही परत आली. त्यांची एक ओळही लेखात नाही. लेख लिहिणाऱ्याला मी अजिबात दोष देत नाहीये, कारण त्यांनी शोधलं असतं तरी मराठीत त्यांच्या हाती फारसं काही लागलं नसतं. माझी तळमळ त्याच गोष्टीची आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. सातारा जिल्ह्यात हायस्कूलला एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आता रिटायर. गावातल्या वाचनालयात महिन्यातून दोन शनिवारी आम्ही दहाबारा जण जमतो, एक पुस्तक घ्यायचं आणि त्यावर बोलायचं. शेतकरी आहेत, एक पोस्टातून रिटायर झालेल्या ताई आहेत, दोन कॉलेजची पोरं आहेत, आणि ऐंशीच्या घरातले एक वारकरी आजोबा आहेत ज्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी पुढे बसतात.

गेल्या वर्षी आम्ही लेव्हीचं ऑशविट्झच्या नाझी छळछावणीवरचं पुस्तक घेतलं होतं. मी इंग्रजीतून वाचायचो आणि मराठीत सांगत जायचो, तीन शनिवार लागले. लेव्ही हा इटलीतल्या तुरीनचा, शिक्षणाने केमिस्ट, धर्माने ज्यू, डिसेंबर १९४३ मध्ये पकडला गेला तेव्हा वय चोवीस. फेब्रुवारी १९४४ मध्ये साडेसहाशे माणसांबरोबर मालगाडीच्या डब्यात कोंबून त्याला पोलंडला नेलं, हातावर नंबर गोंदला, १७४५१७, आणि मग भाकरीचा तुकडा घ्यायलासुद्धा तो नंबर दाखवायचा. हे सगळं मी सांगत होतो, माणसं गप्प बसून ऐकत होती. पण ज्या जागेला सगळे खरंच हलले ती जागा मारहाणीची नव्हती, सूप आणायला जायची होती.

म्हणजे असं की दुपारचं सूप किचनवरून आणायला दोघांनी जायचं असतं, भांडं दोन काठ्यांवर घालून खांद्यावर. येताना ते पन्नास किलोचं ओझं, पण जाताना रिकामं, म्हणून हे दोघे मुद्दाम लांबची वाट धरतात, तेवढाच तासभर मोकळा मिळतो. बरोबरचा पोरगा जाँ म्हणून, त्याला इटालियन शिकायचंय. आणि लेव्हीला त्या तासात शिकवायला काय आठवतं, तर इटालियन कवी दांतेची कविता, शाळेत पाठ केलेली, सहाशे वर्षांपूर्वीची. तो म्हणून दाखवायला लागतो, अर्थ सांगायला लागतो, तुम्ही जनावरासारखं जगायला जन्माला आला नाहीत अशा अर्थाची ओळ येते तेव्हा स्वतःच थरारतो, आणि मग पुढची ओळ आठवत नाही. मधल्या ओळी गेल्यात. तो लिहितो की त्या ओळी जोडता आल्या असत्या तर आजचं सूप देऊन टाकलं असतं. आजचं सूप म्हणजे काय हे त्या जागेत कळायला पाहिजे, त्या सूपावर माणूस उद्यापर्यंत टिकणार असतो.

आमचे वारकरी आजोबा एकदम बोलले, "वाटेत अभंगाचा चरण विसरला ना की असंच होतं, जीव खालीवर होतो, पंढरपूर येईपर्यंत सुचत नाही." मला वाटतं लेव्हीवर यापेक्षा चांगलं भाष्य मी कुठे वाचलं नाही.

त्याच पुस्तकात एक स्वप्न आहे, तेही सांगतो कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. लेव्हीला छावणीत पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडतं की तो घरी पोचलाय, बहीण आहे, ओळखीची माणसं आहेत, आणि तो सगळं सांगतोय, भुकेचं, उवांचं. आणि हळूहळू त्याच्या लक्षात येतं की कुणी ऐकतच नाहीये. आपापसात दुसरंच काहीतरी बोलतायत. बहीण त्याच्याकडे बघते, उठते आणि एक शब्द न बोलता निघून जाते. बरं, हे नुसतं स्वप्नात राहिलं नाही. तो १९४५ मध्ये खरंच घरी पोचला, पुस्तक लिहिलं, तर मोठ्या प्रकाशकाने नको म्हटलं, १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, आणि ज्याने नको म्हटलं होतं त्यानेच ते परत छापायला १९५८ साल उजाडलं. आज जगभर वाचतात ते पुस्तक अकरा वर्षं जवळपास पडून होतं.

आता आपल्याकडे येतो.

माझे पणजोबा, घरात त्यांना थोरले आबा म्हणायचे, मराठा पलटणीत शिपाई होते आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेले होते. आमच्याकडे जुनी माणसं त्याला बसऱ्याची लढाई म्हणतात. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या आधीच गेले. पण माझ्या आत्याने पाहिलंय, ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि डोकं एकदम साफ आहे.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो कारण आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाही. ब्रिटिशांची सहावी डिव्हिजन, जिचं नावच पूना डिव्हिजन होतं, बसऱ्याहून टायग्रिस नदीच्या कडेने बगदादकडे निघाली. जनरल टाउनशेंड मुख्य. बगदादच्या अलीकडे तेसिफोनला तुर्की सैन्याने अडवलं, मग मागे हटत हटत हे लोक कुत अल अमारा नावाच्या गावात आले, तीन बाजूंनी नदी, आणि तिथे डिसेंबर १९१५ मध्ये वेढ्यात अडकले. जवळपास पाच महिने. सोडवायला आलेल्या सैन्याचीच हजारो माणसं पडली, पण वेढा फुटला नाही. आत धान्य संपत गेलं, रोजचं पीठ कमी होत होत मूठ-दोन मुठींवर आलं, घोडी खेचरं कापायला लागले, आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी धर्मापायी ते मटण खायला नकार दिला. भाजीपाला नाही म्हणून हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले, स्कर्व्हीने माणसं झुलायला लागली. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली, त्यात बहुसंख्य हिंदुस्थानी. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी त्यात होत्या. थोरले आबा त्यातल्याच एकीत.

जनरलला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला आणि लढाई संपेपर्यंत तो तिथे आरामात राहिला. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवलं. आधीच उपाशी माणसं, त्यांना खायला दिली दगडासारखी कडक बिस्किटं, ती खाऊन पहिल्या काही दिवसांतच कित्येक जण पोट धरून मेले. मग बगदाद, तिक्रीत, मोसूल करत शेकडो किलोमीटर, मे-जूनच्या उन्हात, आज सीरियात आहे त्या रास अल ऐनपर्यंत. तिथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. ब्रिटिश शिपायांमधले निम्म्याहून जास्त परतलेच नाहीत, आपल्यातलेही हजारोंनी गेले.

ही सगळी माहिती मी गेल्या दोनतीन वर्षांत वाचून मिळवली, घरातून मिळालेली नाही. घरातून काय मिळालं, तर आत्याने सांगितलेल्या दोन गोष्टी. एक म्हणजे घरात खजूर आणायचा नाही. एकादशीला सगळ्या गावात खजूर यायचा, आमच्याकडे नाही, आणि शेजारच्या कुणी आणून दिला तर थोरले आबा काही न बोलता उठून मळ्यात निघून जायचे. का ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि दुसरं म्हणजे ते नातवंडांना रात्री गोष्ट सांगायचे, सुरुवात कायम तीच, "एक माणूस होता." तो माणूस चालत चालत जायचा, वाटेत नदी लागायची पण पाणी पिऊ द्यायचे नाहीत, त्याच्याबरोबरचे साथीदार एकेक करून खाली बसायचे आणि मग उठायचे नाहीत. पोरांना वाटायचं राक्षसाची गोष्ट आहे. आत्या म्हणते, "आम्ही विचारायचो, आबा राक्षस कधी येणार? तर ते म्हणायचे, येईल, झोपा आता."

तो माणूस म्हणजे ते स्वतः हे आत्याला कळलं तेव्हा ती चाळिशीत होती. मग सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या गावात चावडीजवळ संगमरवरी पाटी आहे, अशा पाट्या आपल्या भागात कितीतरी गावांत आहेत, बघितल्या असतील. या गावातून महायुद्धात इतके गेले आणि त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. जो गेला, कैदेत सापडला, तीन वर्षं दगड फोडले आणि जिवंत परत आला, त्याच्यासाठी पाटीवर तिसरा आकडा नाही. मला ती पाटी बघितली की कसंतरी होतं. आपल्या साहित्याचंही तेच झालंय असं वाटतं. मेलेल्या वीराचा पोवाडा आहे, विजयाची बखर आहे, पण हात वर करून शरण गेलेल्या आणि जगून आलेल्या माणसासाठी जागाच नाही. तो स्वतःही बोलत नाही कारण शरण जाणं म्हणजे गावात मान खाली घालणं. वास्तविक शरणागतीचा हुकूम वरून आलेला, शिपायाला कुणी विचारलंही नव्हतं.

आणि हे सगळीकडे असंच आहे असं समजू नका. त्याच कुतच्या वेढ्यातून बंगालीत दोन पुस्तकं आली आहेत. शिशिर सर्वाधिकारी म्हणून एक तरुण बंगाल अॅम्ब्युलन्स कोअरमध्ये होता, जखमींना उचलायच्या कामावर, तोही कैद झाला. तो रोजनिशी लिहायचा. तुर्कांच्या हाती लागू नये म्हणून त्याने पानं फाडून बुटांत लपवली, तशीच चालला, आणि पुढे जमेल तेव्हा परत उतरवून काढली. पुस्तक छापलं गेलं १९५० च्या दशकाच्या शेवटाला, म्हणजे चाळीस वर्षांनी. 'अभि ले बगदाद' हे त्याचं नाव. दुसरं पुस्तक याहून वेगळं. कल्याण मुखर्जी नावाचे आर्मीतले डॉक्टर त्याच कैदेत १९१७ मध्ये रास अल ऐनला तापाने गेले, आणि त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, म्हातारपणी नातवाची घरी आलेली पत्रं जमवून १९२८ मध्ये त्याचं चरित्र छापलं, 'कल्याण प्रदीप'. त्या पत्रांमध्ये तो डॉक्टर साहेबाच्या फौजेत असून लिहितो की दुसऱ्याचा देश हिसकावायचा आणि त्याला देशभक्ती म्हणायचं, यातूनच हे सगळं रक्त सांडतंय. आणि हे लिहितोय कधी, तर १९१५ मध्ये.

एक आजी हे करू शकली. मला त्या आजीबद्दल केवढा आदर वाटतो काय सांगू.

यावर आमच्या गटातल्या पोस्टातल्या ताई म्हणाल्या की सर, ती शिकलेली घराणी होती, आपला शिपाई अंगठेबहाद्दर, पत्रसुद्धा पलटणीतल्या कुणाकडून लिहून घेणार, त्यावर सेन्सॉरचा शिक्का, तो साहित्य कुठून लिहिणार. मुद्दा बरोबर वाटला तेव्हा. पण मग मला मल सिंगबद्दल वाचायला मिळालं आणि माझं मत बदललं.

बर्लिनजवळ वुन्सडॉर्फ नावाच्या गावी जर्मनांनी हिंदुस्थानी आणि आफ्रिकी कैद्यांसाठी छावणी केली होती, हाफमून कॅम्प म्हणायचे तिला. तिथे भाषातज्ज्ञ येऊन कैद्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे. त्यांना माणसात इंटरेस्ट नव्हता, उच्चारात होता. समोर मोठा कर्णा ठेवायचा, कैद्याने त्यात आपल्या भाषेत बोलायचं, गोष्ट सांगा, गाणं म्हणा, काहीही. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट युनिव्हर्सिटीत अजून आहेत. ११ डिसेंबर १९१६ ला मल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या कर्ण्यासमोर उभा राहिला. जेमतेम मिनिटभर बोलला. त्याच्या बोलण्याचा भावार्थ असा की एक माणूस होता, हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा. तो इंग्रजाच्या फौजेत भरती झाला. युरोपच्या लढाईत आला. जर्मनांनी त्याला पकडलं. त्याला घरी जायचंय. घरी गेला तर त्याला पुन्हा तेच खायला मिळेल. अजून दोन वर्षं इथे राहिला तर तो मरून जाईल. देवाच्या कृपेने तह झाला तर तो माणूस परत जाईल.

'मी' हा शब्द नाही त्यात. एक माणूस होता.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. कुठला पंजाब, कुठला आमचा गाव, एक जर्मनीत आणि एक तुर्कांच्या ताब्यात, दोघांची भेट होणं शक्य नाही, आणि दोघांनी आपली कैद सांगायला तेच तीन शब्द उचलले. माणसाला स्वतःचं दुःख स्वतःचं म्हणून सांगता येत नाही तेव्हा तो त्याची गोष्ट करतो, आणि मी एकतीस वर्षं वर्गात साहित्य म्हणजे काय ते शिकवलं पण हे मला त्या मिनिटभराच्या बोलण्याने जेवढं कळलं तेवढं कशाने कळलं नव्हतं. मल सिंगला अक्षर येत होतं की नाही याने काहीच फरक पडत नाही. समोर कर्णा होता, म्हणून ते टिकलं. थोरल्या आबांसमोर आम्ही होतो, म्हणजे आमची माणसं होती, आणि त्यांना राक्षस पाहिजे होता.

मराठीत तुरुंगातलं साहित्य नाही असं कोण म्हणेल. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली, सावरकरांची माझी जन्मठेप आहे, आपण त्यावरच वाढलो. पण ही सगळी माणसं ठरवून तुरुंगात गेलेली, कशासाठी गेलो हे त्यांना माहीत होतं, आणि बाहेर सगळा समाज त्यांच्या शब्दाची वाट बघत होता. युद्धकैद्याला यातलं काहीच नसतं. त्याने पोटासाठी शिपाईगिरी धरलेली, लढाई कुणाची ते नीट माहीत नाही, आणि घरी गेल्यावर कुणी हार घेऊन उभं नाही. त्याचं दुःख मोठं की यांचं असली तुलना मला करायची नाही. त्याची जात वेगळी आहे एवढंच म्हणतोय.

मात्र आपल्याच तुरुंगसाहित्यात एक उदाहरण आहे जे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचनं द्यायचे आणि साने गुरुजी समोर बसून उतरवून घ्यायचे. गीता प्रवचने जे घराघरात आहे ते असं झालंय. विनोबांनी ते लिहिलेलं नाही, ते बोलले. कुणीतरी लिहून घेणारा समोर होता. बेलारूसच्या लेखिका स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी हेच केलं, दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेलेल्या बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, टेपरेकॉर्डर लावून त्यांना बोलू दिलं, शेकडो बायका, आणि त्याचं पुस्तक केलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातल्या कितीतरी बायकांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

दुसऱ्या महायुद्धाचं तर बोलायलाच नको. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा चाळीस हजारांवर हिंदुस्थानी सैनिक जपान्यांच्या हातात गेले. त्यातले बरेच आझाद हिंद सेनेत गेले, त्यांच्याबद्दल थोडंफार तरी लिहिलं गेलं. जे गेले नाहीत, जे साधे कैदी म्हणून राहिले आणि ज्यांना जहाजात भरून न्यू गिनीपर्यंत नेऊन राबवलं, त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलतं का? दोन्हीकडच्या माणसांनी भयंकर काळ काढला आणि दोघांनाही आपण एका ओळीत उरकतो.

त्यापेक्षा जवळचं बघा. १९७१ च्या लढाईत दिलीप परुळकर, आपला मराठी वैमानिक, पाकिस्तानात कैद होता, रावळपिंडीच्या कॅम्पमध्ये. ऑगस्ट १९७२ मध्ये तो आणि त्याचे दोन साथीदार भिंतीला भोक पाडून पळाले, शाळेच्या अॅटलासवरून नकाशा काढलेला, बसने पेशावर आणि तिथून खैबरपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द चार मैलांवर राहिली. आणि पकडले गेले कशाने, तर त्यांनी लंडी खाना नावाच्या स्टेशनचा रस्ता विचारला, नकाशात ते शेवटचं स्टेशन होतं, पण तिथली रेल्वे १९३२ पासून बंद. चाळीस वर्षं बंद असलेल्या स्टेशनचं नाव विचारणारा माणूस इथला नाही हे कुणालाही कळणारच. ही गोष्ट ऐकताना आमच्या कॉलेजच्या पोरांचे श्वास अडकले होते. पण यावरचं पुस्तक लिहिलं एका कॅनडातल्या बाईंनी, इंग्रजीत. त्यांचे उपकारच आहेत. तरी वाटतं की आपल्यातल्या कुणीतरी आधी जाऊन विचारायला हवं होतं.

आणि कैदी फक्त आपलेच नव्हते. त्याच लढाईनंतर त्र्याण्णव हजार पाकिस्तानी आपल्याकडे कैदेत होते. त्यातल्या सिद्दीक सालिक नावाच्या अधिकाऱ्याने आपल्याकडच्या कैदेवर उर्दूत पुस्तक लिहिलंय, 'हमा याराँ दोज़ख'. असं पुस्तकही मराठीत यावं असं मला मनापासून वाटतं. काही लोकांना हे आवडणार नाही, माहीत आहे. पण तारेच्या कुंपणाआडून घरची आठवण काढणारा माणूस कुठल्या युनिफॉर्ममध्ये आहे यावर आपण त्याला वाचायचं की नाही ते ठरवायला लागलो तर मग लेव्ही तरी कशाला वाचायचा.

आणखी एक, घरातल्या बायकांचं. थोरले आबा लढाईवर गेले तेव्हा आमचे आजोबा तीन वर्षांचे होते. पणजी वीस-एकवीसची असेल. कुत पडल्यावर कित्येक महिने काहीच कळलं नाही, जिवंत आहे की नाही, कुंकू लावायचं की नाही. आत्या सांगते की पणजी पहाटे दळायला बसायची तेव्हा ओवीत बसऱ्याचं नाव यायचं, पण शब्द आत्याला आठवत नाहीत, नुसती चाल आठवते. मी तिला चाल म्हणायला लावली, तिने डोळे मिटून दोनदा गुणगुणली आणि थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, केवढं मोठं काम ते, खेड्याखेड्यात फिरून. आमच्या पणजीपर्यंत कुणी पोचलं नाही आणि आम्ही तर घरातच होतो.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमचा पेपर गावागावात जातो. ज्यांच्या घरातलं कुणी लढाईत कैद झालं होतं, कुठल्याही लढाईत, त्यांनी कळवावं असं एक आवाहन छापा आणि आठवड्याला अर्धा कॉलम त्याला द्या. ट्रंकेत कागद असतील, पेन्शनचं पुस्तक असेल, रेड क्रॉसचं कार्ड असेल, मोडी लिपीतलं पत्र असेल जे आज घरात कुणाला वाचता येत नाही. ते रद्दीत देऊ नका म्हणावं, आधी मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा. मोडी वाचणारी माणसं आहेत, आमच्या तालुक्यातच दोघं आहेत, मी स्वतः गाठ घालून देईन. आणि कागद नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, टीव्ही बंद करा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा. काय भाषेत बोलतात, व्याकरण काय, तारीख बरोबर आहे का, ते नंतर बघू. तारखा पुस्तकात मिळतात. खजूर बघून उठून जाणं पुस्तकात मिळत नाही.

मी हे सुरू केलंय. परवा आत्याकडे गेलो होतो. तिला मल सिंगचं ते बोलणं मराठीत वाचून दाखवलं, सावकाश. ती ऐकत होती, मग म्हणाली, "हे आपल्या आबांचंच आहे की रे." मी म्हटलं नाही आत्या, हा पंजाबातला. ती म्हणाली, "असू दे." मग बराच वेळ गप्प राहिली आणि अचानक बोलायला लागली, मी मोबाईल हळूच पुढे सरकवला. म्हणाली, त्या गोष्टीतल्या माणसाच्या पायात बूट होते, सरकारी, चांगले. एका गावात त्याने ते बूट देऊन दोन रोट्या घेतल्या. एक स्वतः खाल्ली आणि दुसरी बरोबरच्या माणसाला दिली, तो जवळच्याच गावचा होता. मग पायाला गोणपाट गुंडाळून चालला. मी विचारलं, आणि तो दुसरा माणूस? आत्या म्हणाली, "त्याचं नाव आबा सांगायचे बघ. आता आठवत नाही. दमले रे मी."

मी निघालो. आज सकाळी सहा वाजता तिचाच फोन आला, नाव आठवलंय म्हणाली, वही घेऊन ये. हे पत्र पोस्टात टाकून तिकडेच चाललोय.

आपला,
एक जुना वाचक, जि. सातारा